नवी मोटरसायकल की वापरलेली? रोज कामावर जाणाऱ्याच्या पहिल्या गाडीबद्दल

प्रश्न थोडक्यात असा. ठाण्यातल्या खारेगावात राहणारा पंचविशीचा तरुण, नवी मुंबईतल्या महापे एमआयडीसीत नोकरी, शिफ्ट बदलत्या, त्यामुळे लोकल आणि रिक्षा यांचा मेळ बसत नाही. आजवर स्वतःची गाडी नव्हती. सत्तर हजार जमलेत, लागलं तर थोडं कर्ज काढायची तयारी आहे. वडिलांचं म्हणणं, नवी १२५ सीसी घे. मित्राच्या ओळखीत २०१७ ची ३५० सीसी गाडी ८५ हजारांना मिळतेय. आणि कंपनीतलेच एक सहकारी स्वतःची २०२२ ची १२५ सीसी विकायला काढतायत, ते ६० हजार सांगतात. तर नवी घ्यावी की वापरलेली?

वागळे इस्टेटच्या बाजूला माझं दुचाकींचं गॅरेज आहे. नवी गाडी घेणारेही माझ्याकडे येतात आणि वापरलेली गाडी घेण्याआधी "जरा बघून द्या" म्हणणारेही येतात. त्यामुळे या विषयावर मत बरंच पक्कं झालंय, पण ते तुमच्यावर तसंच्या तसं लादता येणार नाही. काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो.

तुमचा खरा प्रश्न नवी की जुनी हा नाही. सकाळच्या शिफ्टला सहाच्या आत घरातून निघायचं, कळवा, विटावा, दिघा, ऐरोली, रबाळे करत महापे गाठायचं आणि रात्रीच्या शिफ्टनंतर त्याच रस्त्याने परत यायचं, असं पावसासकट बारा महिने. गाडी बंद पडली तर त्या दिवशी तुमच्याकडे दुसरा चांगला मार्ग नाही, म्हणूनच तर तुम्ही गाडी घेताय. म्हणजे तुम्हाला अशी गाडी हवी आहे जिच्या तब्येतीबद्दल तुम्हाला आधीपासून खात्री असेल. नव्या गाडीत ती खात्री पैसे मोजून मिळते. वापरलेल्या गाडीत ती शोधावी लागते, आणि कधी कधी ती मिळतच नाही. माझं सगळं उत्तर याच मुद्द्याभोवती आहे.

परिस्थितीचं म्हणाल तर तीन गोष्टी स्वतःला विचारा. रात्री गाडी कुठे उभी राहणार, सोसायटीत शेडखाली की उघड्यावर? घराजवळ असा मेकॅनिक आहे का, जो तुम्हाला ओळखतो आणि फोन केल्यावर येतो? आणि तुम्हाला स्वतःला हाताने काही करायची आवड आहे का, निदान चेन साफ करून तेल घालण्याइतकी? या तिन्हींची उत्तरं चांगली असतील तर जुन्या गाडीचा धोका खूप कमी होतो. तिन्ही नाही असतील तर वडील बरोबर बोलतायत, पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

आता ३५० सीसीचं आधी बोलून घेऊ, कारण मला वाटतं मन तिकडेच ओढ घेत असणार. गाडी वाईट नाही. रविवारी मुरबाडवरून माळशेजला जायला, जुन्या हायवेने लोणावळ्याला जायला तिच्यासारखं सुख नाही. पण तुमच्या कामासाठी ती चुकीची आहे आणि त्याची कारणं मोजता येण्यासारखी आहेत. वजन १९० किलोच्या आसपास. बहुतेक १२५ सीसी गाड्या ११५ ते १२५ किलोंच्या घरात. कळवा नाक्यावर आणि विटाव्याच्या कोंडीत पहिला-दुसरा गिअर आणि अर्धा क्लच यात रोज अर्धा तास काढायचा आहे, तेही पहिलीच गाडी चालवताना, शेजारून कंटेनर जात असताना. तिथे सत्तर किलो जास्त सांभाळणं ही छोटी गोष्ट नाही.

पेट्रोलचा हिशोब करा. येऊन-जाऊन २८ किलोमीटर धरले, महिन्याला २५ दिवस, तर ७०० किलोमीटर. ३५ चं अ‍ॅव्हरेज देणाऱ्या गाडीला २० लिटर, ५५ देणाऱ्या गाडीला तेराच्या आत. लिटरला शंभरी पार झालेली असताना हा महिन्याला सातशे-साडेसातशेचा फरक आहे. विम्यातही तेच. २०२२ साली ठरलेल्या दरांनुसार ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा थर्ड पार्टी (आपल्या गाडीने दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा) हप्ता वर्षाला ७१४ रुपये, १५० ते ३५० सीसीचा १,३६६.

आणि शेवटचं, माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं. १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या दुचाक्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय, सक्तीचं झालं एप्रिल २०१९ पासून, आणि १२५ पर्यंतच्या गाड्यांना सीबीएस, म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो ती सोय. २०१७ च्या या गाडीला एबीएस नसणारच असं धरून चला. जड गाडी, एबीएस नाही, पावसाचा पहिला आठवडा, रस्त्यावर कंटेनरचं सांडलेलं ऑइल आणि नवा चालक. हे मला एकत्र नको आहे. तीन-चार वर्षं गाडी चालवून हात बसल्यावर, दुसरी गाडी म्हणून अशी ३५० जरूर घ्या.

आता उरल्या दोन गाड्या आणि खरा मुकाबला त्यांचाच आहे.

नव्या गाडीचं शोरूममधल्या बोर्डावर लिहिलेलं असतं ते एक्स-शोरूम. त्यावर एकरकमी रोड टॅक्स, रजिस्ट्रेशन, पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा (सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला हा एकदम पाच वर्षांचाच घ्यावा लागतो) आणि एक वर्षाचा ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा, असं सगळं धरून १२५ सीसी ऑन-रोड लाखाच्या आसपास जाते. कोटेशन कागदावर मागा आणि प्रत्येक ओळ विचारा. हँडलिंग चार्जेस, लॉजिस्टिक्स, टेफ्लॉन कोटिंग, अ‍ॅक्सेसरी किट अशा नावाने जे काही असेल ते कशाचं आहे, सक्तीचं आहे का, हे विचारायला लाजू नका. विमाही शोरूमकडूनच घ्यायला हवा असं बंधन नाही. नुसतं विचारल्यामुळे दोन-तीन हजार कमी झालेले मी बऱ्याच ग्राहकांच्या बाबतीत पाहिलेत.

कर्जाबद्दल एकच गोष्ट, पण ती नीट समजून घ्या. दुचाकीच्या कर्जात "साडेनऊ टक्के फक्त" असं सांगतात तेव्हा ते बहुतेक वेळा फ्लॅट व्याज असतं. समजा ४० हजार घेतले, तीन वर्षांसाठी. फ्लॅट साडेनऊने व्याज झालं ११,४०० आणि हप्ता पडला १,४२८. पण दर महिन्याला मुद्दल फिटत असूनही व्याज पूर्ण चाळीस हजारांवरच मोजलंय. घटत्या शिलकीवर काढलं तर हाच दर १७ टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणून विचारताना "फ्लॅट की रिड्युसिंग?" हे शब्द वापरा आणि प्रोसेसिंग फी धरून एकूण किती परत करायचे तो आकडा मागा. तुमच्या कंपनीची पतपेढी असेल तर आधी तिथे चौकशी करा.

आता दोन्ही गाड्या तीन वर्षांनी विकल्या असं धरून हिशोब मांडतो. हे माझे अंदाज आहेत, पण बाजारात रोज वावरून केलेले. नवी लाखाची, तीन वर्षांनी साठच्या आसपास जाईल. तूट चाळीस, अधिक व्याज अकरा, एकावन्न हजार. सहकाऱ्यांची गाडी समजा पंचावन्नला मिळाली आणि पहिल्या महिन्यात सहा हजार खर्च केले, एकसष्ट. तीन वर्षांनी सदतीसला गेली तर तूट चोवीस. त्यात टायर, बॅटरी, चेन सेट असा नव्या गाडीपेक्षा जास्तीचा खर्च तीन वर्षांत सात हजार धरा, एकतीस. फरक उरला वीस हजारांचा. म्हणजे महिन्याला साडेपाचशे रुपये.

नव्या गाडीची निश्चिंती तुम्हाला महिन्याला साधारण साडेपाचशेला पडते, असा याचा अर्थ. लोक ज्याला मोठा खर्च समजतात तो प्रत्यक्षात एवढाच आहे. म्हणून वापरलेल्या गाडीचा इतिहास कळत नसेल तर हे साडेपाचशे खुशाल द्या आणि नवी घ्या. पण इतिहास कळत असेल, मालक समोर असेल, रोज भेटत असेल, तर जे तुम्हाला आधीच माहीत आहे त्यासाठी वेगळे पैसे कशाला मोजायचे? तुमच्या बाबतीत सहकाऱ्यांची गाडी म्हणूनच मला रास्त वाटते. रस्त्याकडेला रांगेत लावलेल्या पॉलिश केलेल्या गाड्यांपैकी एखादी असती तर मी नवीच घ्या म्हटलं असतं.

भावाबद्दल माझा नियम सोपा आहे. वापरलेल्या गाडीची किंमत आणि तिला लगेच लागणारा खर्च मिळून आजच्या नव्या गाडीच्या ऑन-रोड किमतीच्या सत्तर टक्क्यांच्या वर जात असेल तर वापरलेली घेण्यात अर्थ नाही. इथे "आजच्या" हा शब्द महत्त्वाचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. जी गाडी आधी करासकट एक लाखाला होती ती त्या हिशोबाने ९२ हजारांच्या थोडी वर आली. पण विकणाऱ्याच्या डोक्यात त्याने स्वतः मोजलेली रक्कम असते, आणि तो त्यातून घसारा वजा करून भाव सांगतो. तुमचे सहकारीही तसंच करत असतील, त्यात लबाडी काही नाही. शोरूमचं ताजं कोटेशन त्यांच्यासमोर ठेवा. विमा कंपन्या गाडीची किंमत धरताना दोन ते तीन वर्षांच्या गाडीला तीस टक्के आणि तीन ते चार वर्षांच्या गाडीला चाळीस टक्के घसारा धरतात, तोही आकडा दाखवा. साठवरून पंचावन्नवर यायला एवढं पुरेसं असावं.

आता गाडी बघायची कशी. हे मी जरा लांबण लावून सांगणार आहे, कारण इथेच सगळे पैसे वाचतात किंवा बुडतात.

सकाळी जा, आणि आदल्या दिवशी सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर इंजिनाजवळ हात नेऊन बघा, ते गार हवं. आजारी इंजिन गरम असताना शहाण्यासारखं वागतं, त्याचा खरा स्वभाव गार असताना कळतो. २०२२ ची म्हणजे बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांतली) गाडी आहे, बहुधा फ्युएल इंजेक्शनवाली. चावी फिरवल्यावर मीटरमध्ये इंजिनाचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी चालू झाल्यावर विझला पाहिजे. विझला नाही तर सेन्सर किंवा इंजेक्शनच्या बाजूला काहीतरी आहे. चावी फिरवल्यावर मुळात लागलाच नाही तर जास्त सावध व्हा, कारण तो कोणीतरी मुद्दाम बंद केलेला असू शकतो.

चालू झाल्यावर लगेच अ‍ॅक्सिलरेटर पिळू नका. नुसती उभी ठेवून ऐका. टॅपेटची (इंजिनातल्या व्हॉल्व्हच्या भागांची) बारीक टिकटिक गार इंजिनात चालते. बाजूने खडखड येत असेल आणि रेस केल्यावर वाढत असेल तर टायमिंग चेन ढिली आहे. सायलेन्सरमागे कोणाला तरी उभं करा. सुरुवातीची थोडी पांढरी वाफ सोडून द्या. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, रिंग किंवा व्हॉल्व्ह सील गेलंय, तिथून परत फिरा. इंजिनाच्या बोल्टच्या कडा घासलेल्या असतील, जोडावर सिलिकॉनचे ओघळ दिसत असतील, तर इंजिन खोललेलं आहे. खोललं म्हणून गाडी वाईट असं नाही, पण का खोललं याचं उत्तर मिळालं पाहिजे आणि बिलही.

मीटरवरच्या आकड्यावर एकट्यावर भरवसा ठेवू नका. रोज नोकरीला चाललेल्या तीन-साडेतीन वर्षांच्या गाडीचं रनिंग वीस-तीस हजारांत असणं स्वाभाविक आहे, त्याला घाबरू नका. उलट आकडा नऊ हजार असेल आणि ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत झालं असेल, फूटरेस्ट झिजले असतील, चावीचं भोक सैल झालं असेल, तर ते जुळत नाही. सर्व्हिस कंपनीच्या अधिकृत सेंटरला झाली असेल तर गाडीच्या नंबरवरून त्यांच्याकडे नोंद असते, प्रत्येक वेळी किती किलोमीटर झाले होते तेही त्यात असतं. मालक सोबत असेल तर ती दाखवतात. सहकाऱ्यांना म्हणा, एकदा सोबत या. चांगल्या गाडीचा मालक याला नाही म्हणत नाही.

आपल्या भागातल्या गाड्यांचे दोन खास आजार आहेत. पहिला खाडीचा. विटावा, ऐरोली, कोपरखैरणे, पाम बीचच्या बाजूला उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांना खारी हवा लागते. पुढच्या शॉकअपच्या पाइपवर सीलच्या जवळ बारीक गंजाचे ठिपके शोधा. बोटाच्या नखाने घासलं की लागतात. असे ठिपके असतील तर तुम्ही ऑइल सील कितीही वेळा बदला, ते पुन्हा फाटणार आणि तेल ब्रेकवर उतरणार. पाइपच बदलावे लागतात. सायलेन्सरच्या पोटाखाली, स्टँडच्या जोडाशी आणि सीटखालच्या चॅसीवरही (गाडीच्या सांगाड्यावरही) नजर टाका.

दुसरा आजार पाण्याचा. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली किंवा सखल भागातल्या पार्किंगमध्ये गाडी पाण्यात उभी राहिलेली असू शकते, आणि ही गोष्ट मालक स्वतःहून सांगत नाही, कधी कधी त्याला तिचं महत्त्वही माहीत नसतं. सीट काढा, वायरिंगचे कनेक्टर बघा. आत हिरवट-पांढरा थर असेल तर पाणी गेलंय. एअर फिल्टरच्या डब्यात चिखलाची रेघ राहते, ती धुऊन पटकन जात नाही. हेडलाइटच्या आत माती दिसते. आणि ऑइलची कांडी किंवा झाकण काढून बघा, ऑइल दुधाळ चहासारखं दिसत असेल तर त्यात पाणी मिसळलेलं आहे. इंजेक्शनच्या गाडीत सगळं काम सेन्सर आणि वायरिंगवर चालतं. बुडालेल्या गाडीचा त्रास आज दिसत नाही, सहा महिन्यांनी सुरू होतो आणि मग मेकॅनिक बदलून बदलून माणूस थकतो.

मग गाडी मेन स्टँडवर घ्या, मागून दाबून पुढचं चाक उचला आणि हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी हळू फिरवा. मध्यभागी खटका लागल्यासारखं अडत असेल तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेला. याचा खर्च फार नाही, पण खड्ड्यांतून बेफिकीर चालवल्याची ती खूण आहे. हँडल जिथे अडतं ते चॅसीवरचे स्टॉपर बघा. ते चेपलेले किंवा वेल्डिंग केलेले असतील तर गाडी समोरून आपटलेली आहे. मागचं चाक धरून डाव्या-उजव्या बाजूला हलवा, खेळ नको. टायरच्या बाजूवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२२ म्हणजे २०२२ चा तेविसावा आठवडा. गाडीबरोबरचेच टायर अजून असतील तर येत्या पावसाळ्याआधी ते बदलावे लागतील असं धरून भाव करा.

शेवटी चालवून बघा, आणि गल्लीत एक चक्कर नाही, निदान वीस मिनिटं. ऐरोलीच्या उड्डाणपुलावर चढवा, चढावर क्लच सरकतोय का कळतं. इंजिन ओरडतं पण गाडी त्या मानाने पुढे जात नाही, तो क्लच प्लेटचा खर्च. मित्राला मागून दुसऱ्या गाडीवर येऊ द्या आणि दोन्ही चाकं एका रेषेत धावतायत का ते बघायला सांगा, हे चालवणाऱ्याला दिसत नाही. परत आल्यावर गाडी बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि पुन्हा चालू करा. गरम इंजिन एका सेल्फमध्ये लागलं पाहिजे.

हे सगळं एकट्याने करायची गरज नाही. तुमच्या भागातल्या मेकॅनिकला तीन-चारशे रुपये द्या आणि सोबत न्या. फक्त तो विकणाऱ्याचा मेकॅनिक नको.

कागदपत्रांकडे वळू. इथे गाडी कितीही चांगली असली तरी मी सवलत देत नाही. आरसीवरचा (नोंदणीच्या कार्डावरचा) चॅसी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा, प्रत्येक आकडा. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की कितवा मालक, विमा कधीपर्यंत, पीयूसी कधीपर्यंत, कर्जाचा बोजा आहे का हे दिसतं. वाहतूक पोलिसांचे ई-चलान तिथेच किंवा महाट्रॅफिक अ‍ॅपवर बघा. बाकी असतील तर ते विकणाऱ्याने भरायचे, आणि व्यवहाराआधी. कर्ज फिटलेलं असलं तरी आरसीवरून बोजा उतरलेला नसतो, हे फार जणांना माहीत नसतं. त्यासाठी बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ लागतो, आणि त्या पत्राला मुदत असते. बोजा उतरेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका, टोकन देऊन थांबा.

नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०. कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नावावर करून घ्यायची असते. गाडी एमएच-४३, म्हणजे वाशीची असली आणि तुम्ही ठाण्याच्या हद्दीत राहत असलात तरी नंबर बदलत नाही, राज्य एकच आहे. सही करून घेतलेले फॉर्म घरात ठेवून "बघू नंतर" म्हणणारे पुष्कळ भेटतात. ओळखीचा माणूस आहे म्हणून इथे ढिलाई होते, आणि ती त्या सहकाऱ्यांसाठीच जास्त धोक्याची आहे. अपघात झाला तर नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदणी ज्याच्या नावावर आहे त्या मालकावर येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. हे त्यांना सांगा, ते स्वतःच आरटीओच्या कामाची घाई करतील. दरम्यान विक्रीचा करार करा, त्यावर तारखेबरोबर वेळही लिहा, आणि पैसे खात्यातून द्या.

विम्याचं थोडं बारकाईने बघा. २०२२ ची गाडी म्हणजे थर्ड पार्टी विमा २०२७ पर्यंत असणार, तो गाडीबरोबर तुमच्याकडे येतो. पण ओन डॅमेज पहिल्या वर्षानंतर बरेच लोक भरतच नाहीत, तो चालू आहे का बघा, आणि १४ दिवसांच्या आत विमा कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्या. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची हप्त्यातली सूट, आधीच्या मालकाचा असतो, तो तुम्हाला मिळणार नाही. आणि मालक-चालकाचं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण तुमच्या स्वतःच्या नावाने घ्यावं लागतं. ते वर्षाला काही शे रुपयांत मिळतं. घरात कमावणारे तुम्ही असाल तर हे सोडू नका.

यातलं काही जमलं नाही, म्हणजे सर्व्हिसची नोंद मिळत नाही, शॉकअपच्या पाइपवर गंज आहे, किंवा कागदांत काही अडकलंय, तर भाव आणखी कमी करून घेण्याचा मोह टाळा आणि वडील म्हणतात ती नवी गाडी घ्या. होंडा शाइन, टीव्हीएस रायडर, बजाज पल्सर १२५ किंवा हीरोची १२५, यांपैकी कुठलीही तुमचं काम करील. त्यांच्यात निवड करताना घर किंवा महापे यापैकी कुठल्या तरी एका ठिकाणाजवळ कोणाचं सर्व्हिस सेंटर आहे आणि कुठल्या गाडीवर बसल्यावर तुमचे दोन्ही पाय नीट टेकतात, एवढंच बघा. नव्या गाडीच्या फ्री सर्व्हिसमध्ये मजुरी फुकट असते, ऑइलचे पैसे लागतात. पण त्या सर्व्हिस चुकवल्या तर वॉरंटीला अडचण येते, म्हणून तारखा सांभाळा.

आणि सहकाऱ्यांची गाडी घेतली तर आधीच्या मालकाने काल ऑइल बदललं असं म्हटलं तरी पुन्हा बदला, एअर फिल्टर आणि प्लग नवा टाका, ब्रेक शू उघडून साफ करून घ्या, पुढे डिस्क असेल तर पॅड बघा, चेन ताणून तेल घाला. टायर जुने असतील तर पुढचा आधी बदला, पावसात गाडी थांबवण्याचं जास्त काम तोच करतो. हे सगळं जे सहा हजार मी वर धरलेत त्यातच बसतं. उरलेल्या पैशांतून आयएसआय मार्कचं पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट घ्या, आणि दोन तुकड्यांचा रेनकोट. पहिले पंधरा दिवस शिफ्टच्या वेळेला लगेच नेऊ नका, सुट्टीच्या दिवशी सकाळी रिकाम्या रस्त्यावर खारेगाव ते महापे दोन-तीनदा जाऊन या. गाडीचा ब्रेक, क्लच आणि रस्त्यावरचे खड्डे एकदा ओळखीचे झाले की मग पहिल्या शिफ्टला घेऊन जा.